बरे झाले असल्यास दोन दाबा

"फोन वाजला तं कापजो नको. थे बाई गोळीचं इचारते. एक दाबजो, झालं. नाई दाबलं तं दिवसभर जीव खाते."

पाठीला फवारणीचा पंप अडकवता अडकवता पुंजाजींनी एवढं सांगितलं आणि ते शेताकडे गेले. अळी येणारच नाही म्हणून महागाचं बियाणं पेरलं होतं, त्यावरच अळी आली होती. दुपारी परतले, निंबाखाली आडवे झाले, ते उठलेच नाहीत. लोकांचे नवरे जाताना लेकरं सांभाळ म्हणतात. गीताबाईच्या नवऱ्याने एक दाबायला सांगितलं.

खामगावच्या एका दवाखान्याने पोर्टल काढलं होतं. लेक पुष्पांजली माहेरी आली तेव्हा तिने बाबांचं नाव त्यात घातलं आणि त्यांना वाचता येत नाही म्हणून बोलणारी सोय घेतली. सोय चांगलीच होती. पहिल्या एस्टीने जाऊन नंबरासाठी ताटकळणं संपलं. तारीख घरबसल्या मिळे, रिपोर्टही फोनवर येई. फक्त त्या पोर्टलला माणूस गेल्याचं कळत नव्हतं.

रोज सकाळी गीताबाई तुळशीला पाणी घालून वळली की फोन बोले, "नमस्कार, पुंजाजी. आज रक्तदाबाची गोळी घेतली का? घेतली असल्यास एक दाबा." ती ओल्या हाताने एक दाबी. सुरुवातीला दाबला तो सांगितलं होतं म्हणून. पुढेपुढे, त्यांना नावाने हाक मारणारं तेवढंच कुणी उरलं होतं म्हणून. असं वर्ष सरलं. संक्रांतीला बाईने कळवलं, "अभिनंदन, पुंजाजी. एकही गोळी न चुकवणारे आपण आमचे आदर्श रुग्ण आहात." जिवंतपणी हा माणूस गोळी उशाखाली दडवत असे.

शेजारच्या इमामबीला मोतीबिंदू झाला. कापूस वेचायला गेली की ती बोंडाबरोबर वाळली पत्तीही ओढून आणी, त्यामुळे तिला कोणी मजुरीला नेईना. शिबिरात डॉक्टरांनी डोळे पाहिले, थेंबांची बाटली दिली, पण ऑपरेशनची तारीख पोर्टलवरच घ्या म्हणाले. इमामबीकडे फोन नव्हता.

"तुह्या फोनात माहं नाव टाक, गीता."

गीताबाईने ओट्यावर बसून फोन लावला. "या क्रमांकावर एक रुग्ण आधीच आहे," बाई म्हणाली. "त्यांना काढायचे असल्यास रुग्णाचे नाव स्पष्ट बोला."

गीताबाईने फोन पदराखाली झाकला.

"काय म्हणते व?"

"यायले काढा म्हणते."

"राहू दे मंग. मले दिसते थोडंथोडं," असं म्हणून इमामबीने हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला. ओटा वीतभर अलीकडेच संपला होता.

कपाचे तुकडे गोळा करता करता गीताबाईचं ठरलं. अडचण एकच होती. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"पुष्पाचे बाबा," ती फोनात म्हणाली.

"पुष्पाचे बाबा या नावाचा रुग्ण आढळला नाही."

"आमचे मालक."

"आमचे मालक या नावाचा रुग्ण आढळला नाही."

"आण इकडं." इमामबीने फोन ओढला. "पुंजाभाऊ."

"पुंजाभाऊ या नावाचा रुग्ण आढळला नाही."

"भाऊ काऊन लावला व? नुसतं नाव घे ना."

"तुह्या दारात बसून तुह्या माणसाले नुसत्या नावानं बोलवू? मह्याच्यानं नाई होत. शकूरले बोलावू दुकानातून. तो घेईन."

"नको. गावभर करीन तो. मेलेल्या माणसाच्या गोळीचा एक दाबते म्हणून."

"कोन दाबते?"

गीताबाई फोन पदराने पुसू लागली. इमामबीने पुन्हा विचारलं नाही.

"घे नाव," ती हळूच म्हणाली. "मले दिसत नाई."

"ऐकू तं येते."

"हे पाय, कान झाकले." इमामबीने खरंच दोन्ही कानांवर हात ठेवले.

"पुंजाजी," गीताबाई म्हणाली.

"माफ करा, ऐकू आले नाही. पुन्हा बोला."

"पुंजाजी."

"ऐकू आले नाही. कृपया मोठ्याने बोला."

मग तिने शेतातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी हाक मारली. निंबाखालची शेळी उठून उभी राहिली. हाक मारल्यावर माणसाने ओ द्यावी एवढा वेळ आपण थांबतोच. तेवढी गीताबाई थांबली. ओ फोनातून आली.

"धन्यवाद. कारण सांगा. दुसऱ्या दवाखान्यात गेले असल्यास एक, बरे झाले असल्यास दोन, गाव सोडले असल्यास तीन दाबा."

दोघी पुढच्या आकड्याची वाट पाहत राहिल्या. पुढचा आकडा नव्हता.

"तीन दाब," कानांवरचे हात काढत इमामबी म्हणाली. "सोडलंच ना भावानं गाव."

"सांगून नाई गेले."

गीताबाईने डोळे पुसले आणि दोन दाबला.

"अभिनंदन, पुंजाजी. आपण बरे झालात, याचा आम्हांला आनंद आहे."

इमामबीचं नाव चढलं. आदर्श रुग्णाचा क्रमांक म्हणून पोर्टलने तिला रांगेत पुढे घेतलं आणि तारीख अगदी जवळची दिली. त्याआधी रोज सकाळी डोळ्यांत थेंब टाकायचे, असंही बजावलं.

"माहा हात कापते," इमामबी म्हणाली. "थेंब गालावरच जाते. तू टाकून देशीन?"

"देईन."

"रोज?"

"रोज म्हटलं ना, बाई."

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून ती वळली, तसा फोन बोलला. "नमस्कार, इमामबी. आज डोळ्यांत थेंब टाकले का?"

आवाज तोच होता, माया तेवढीच. गीताबाईने तो संपेपर्यंत ऐकला. मग साबणाने हात धुतले, पदराला न पुसता तसेच वाऱ्यावर सुकू दिले, आणि कुंपणातल्या फटीतून काटे चुकवत ती इमामबीच्या अंगणाकडे निघाली.