भुंग्याचा विमा

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. पाणी होतं, सावली होती, बोरं होती, जांभळं होती. काळजी तेवढी कमी पडत होती. ती पुढे बाहेरून आणावी लागली. त्याचीच ही गोष्ट.

या जंगलात मधोबा नावाचं अस्वल राहायचं. त्याची बायको जांबाई. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण एक कुत्रा होता. त्याचं नाव भुंग्या. अस्वलांच्या घरी कुत्रा कसा, असं विचारू नका. काही घरी तो असतोच.

भुंग्या गुहेच्या तोंडाशी झोपायचा. अनोळखी वास आला की भुंकायचा. मधोबा मध घेऊन आला की त्याच्याभोवती गोल गोल धावायचा. बदल्यात त्याला उरलंसुरलं मिळे आणि जांबाई त्याचे कान खाजवी. व्यवहार दोन्ही बाजूंना पसंत होता.

एके दिवशी शेजारच्या चितळवहिनी ओढ्यावरून येताना डोकावल्या.

"काय हो जांबाई, भुंग्याचा विमा कुणाकडे काढलाय?"

"विमा? तो कशाला?"

"अगंबाई! काढलाच नाही? आमच्या कुत्र्याचा, टिप्याचा, तर त्याचे डोळे उघडायच्या आधी काढला. नाही, ज्याचं त्याचं प्रेम असतं म्हणा."

एवढं बोलून वहिनी चरायला गेल्या. जांबाईने भुंग्याकडे पाहिलं. तो उन्हात पोट खाजवत पडला होता. काल असाच पडला होता तेव्हा तो तिला सुखी दिसला होता. आज मात्र त्याला खरूज झालीय असं तिला वाटलं.

मधोबा घरी येताच ती म्हणाली, "अहो, याला काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"तेच तर! काय होणार आहे ते आपल्याला माहीतसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी दोघं भुंग्याला घेऊन सरडेबुवांकडे गेली.

सरडेबुवा सगळ्या विमा कंपन्यांची तुलना करून देत, आणि तीही फुकट. फुकट कसं परवडतं, हे कुणी विचारत नसे. फुकटच्या गोष्टीला प्रश्न विचारणं त्या जंगलात असभ्य समजलं जाई.

"बसा," बुवा म्हणाले. "पहिली कंपनी लांडग्यांची. हप्ता सगळ्यांत कमी. कुणीही चावलं तरी भरपाई. फक्त लांडगा चावला तर नाही."

"पण इथे लांडग्याशिवाय चावतो कोण?" मधोबाने विचारलं.

"म्हणून तर हप्ता कमी आहे. दुसरी कंपनी गिधाडांची. कुत्रा आजारी पडला रे पडला, की लगेच घरी येतात. सहकुटुंब येतात."

"आणि काय करतात?" जांबाईने विचारलं.

"वाट बघतात."

जांबाईने भुंग्याला जवळ ओढलं.

"आणि तिसरी मगरसाहेबांची," बुवा म्हणाले. बोलता बोलता त्यांची पाठ मगरीसारखी हिरवट, खवलेदार दिसू लागली. "हप्ता जास्त आहे. दर पौर्णिमेला मधाने भरलेलं एक पोळं. पण आपुलकी बघा! दावा मंजूर होवो न होवो, साहेब स्वतः रडतात."

जांबाईचे डोळे भरून आले. अशी कंपनी तिला हवी होती.

आता त्या जंगलात कागद नव्हता. त्यामुळे कंपनी गिऱ्हाइकाला एक पोपट देई. विम्याच्या अटी पोपटाला पाठ असत. मोठ्या अटी तो मोठ्या आवाजात म्हणे आणि बारीक अटी बारीक आवाजात. मगरसाहेबांचा पोपट आला आणि छाती फुगवून ओरडला, "नाकापासून शेपटीपर्यंत सगळं विम्यात!" मग मान खांद्यात घालून बराच वेळ पुटपुटत राहिला.

"काय म्हणाला हा?" मधोबाने विचारलं.

"ते बारीक आहे," बुवा म्हणाले. "ते कुणी ऐकत नाही."

पोपट गुहेत राहायला आला आणि भुंग्याचे दिवस फिरले. तो धावू लागला की पोपट वरून म्हणे, "उड्या मारताना झालेली इजा विम्यात धरली जात नाही!" तो भुंकला की म्हणे, "घशाचे आजार ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर!" जांबाईने त्याचं धावणं बंद केलं. मग भुंकणं बंद केलं. एकदा भर दुपारी माकडं गुहेत शिरली आणि मध पळवू लागली. भुंग्याने भुंकायला तोंड उघडलं, तर जांबाईने ते दोन्ही पंजांनी मिटलं.

"मध जाऊ दे," ती म्हणाली. "घसा जायला नको."

माकडं सावकाश, हात चाटत निघून गेली. भुंग्या त्या दिवशी जेवला नाही. पोपटाने सांगितलं की रुसवाही धरला जात नाही.

आणि एका सकाळी भुंग्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला.

मुलांनो, असे काटे त्याला पूर्वीही मोडले होते. मधोबा त्याला उताणा धरी, जांबाई दाताने काटा उपटी, भुंग्या एकदा ओरडे आणि प्रकरण संपे. आजही मधोबाने त्याला धरलं. जांबाई वाकली. तोच पोपट किंचाळला, "थांबा! कंपनीच्या वैद्याशिवाय कुणी हात लावला तर दावा रद्द!"

"मी हात कुठे लावतेय? दात लावतेय."

"दात धरून!"

जांबाई मागे सरली. इतके दिवस दर पौर्णिमेला मधाचं पोळं दिलं होतं. आता दाव्याची वेळ आली आणि आपणच तो बुडवायचा? पोपट वैद्याला आणायला उडाला. त्या दिवशी वैद्य आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाय सुजून टरारला. भुंग्याने तो पाय उचलून जांबाईच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. हिला हे येतं, हे त्याला ठाऊक होतं. जांबाईने मान फिरवली.

"वैद्य येतील हं, राजा," ती म्हणाली.

शेवटी वैद्य आला. तो बगळा होता. एका पायावर उभा राहून त्याने नीट पाहिलं.

"पाय सुजलाय," तो म्हणाला.

"ते आम्हालाही दिसतंय!" मधोबा ओरडला. "काटा काढा."

"काढायला मंजुरी लागते. मी फक्त सुजलाय असं म्हणायला आलोय."

मधोबाने भुंग्याला खांद्यावर टाकलं आणि तो थेट नदीवर गेला. मागून जांबाई, तिच्या मागून पोपट. मगरसाहेब वाळूत पडले होते. भुंग्याचा पाय पाहताच ते ढसाढसा रडले.

"अरेरे! एवढासा जीव! काटा कशाचा हो?"

"बाभळीचा."

"कुठली बाभूळ?"

"आमच्या गुहेपुढची. आजोबांच्या वेळेपासून आहे."

मगरसाहेबांनी डोळे पुसले. "मग काटा विम्याच्या आधीपासूनचा झाला. आधीपासूनच्या दुखण्याला भरपाई मिळत नाही."

"अहो, आधी तो झाडावर होता! पायात आत्ता गेला!"

"कुठे होता याला महत्त्व नाही. होता ना?" असं म्हणून साहेब पुन्हा रडू लागले. आता तर हुंदके देऊन.

भुंग्याचं अंग तापलं होतं. त्याची मान मधोबाच्या खांद्यावरून खाली लोंबत होती. जांबाईने ती मान पाहिली. मग तिने कुणालाही काही विचारलं नाही. भुंग्याला खाली घेतलं, त्याचा पाय तोंडात धरला, आणि काटा उपटला. पू वाहिला. भुंग्या मोठ्याने ओरडला. मग हळूच त्याने जांबाईचं नाक चाटलं.

"दावा रद्द!" पोपट म्हणाला.

"गप्प बस मेल्या," जांबाईने काटा थुंकला.

"कंपनीच्या पोपटाला अपशब्द वापरल्यास..."

मधोबा गुरगुरला. पुढचं वाक्य पोपटाने बारीक आवाजात पुरं केलं.

भुंग्या बरा झाला. थोडा लंगडू लागला, इतकंच. तुम्हाला वाटेल, अस्वलं शहाणी झाली. मधोबाही म्हणालाच, "पुरे झाला हा विमा."

"पुरे कसा?" जांबाई म्हणाली. "आपली निवड चुकली. तुलना कमी पडली. चितळवहिनींकडे बघा, दोन विमे आहेत. एक कुत्र्याचा आणि एक विम्याचा."

दोघं पुन्हा सरडेबुवांकडे निघाली. जाताना जांबाईने भुंग्याला मऊ पाल्यावर निजवलं आणि हलू नको म्हणून बजावलं. भुंग्याने दोघं वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली. मग तो उठला आणि लंगडत टेकडी चढून गेला.

टेकडीवर साळूआजी नावाचं म्हातारं साळिंदर राहायचं. ती ठार बहिरी होती, त्यामुळे विम्याबद्दल तिने काहीच ऐकलेलं नव्हतं. भुंग्या तिच्या बिळापुढे उभा राहिला आणि भुंकला. मनसोक्त भुंकला. आजीने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि एक कंद पुढे सरकवला.

इकडे अस्वलं तुलनेअंती मगरसाहेबांचाच विमा कायम ठेवून परतली, तर पाला रिकामा. जांबाई खूप रडली. मधोबाने दऱ्याखोरी धुंडाळली. एक दिवस भुंग्या आपणहून ओढ्यावर आला. जांबाईने त्याचे कान खाजवले. त्याने शेपूट हलवली. "घरी चल ना रे," ती म्हणाली. तो ओढ्यापलीकडे जाऊन उभा राहिला. आता तो अधूनमधून येतो, कान खाजवून घेतो आणि साळूआजीकडे परत जातो.

विमा मात्र चालू आहे. दर पौर्णिमेला मधोबा भरलेलं पोळं नदीवर पोचवतो. कुत्राच घरी नसल्यामुळे दाव्याचा प्रश्न येत नाही, आणि कंपनी नव्या गिऱ्हाइकांना या जोडप्याचा आदर्श सांगते.

तात्पर्य: कुत्र्यावर खरं प्रेम असेल तर त्याचा विमा जरूर उतरवावा. विमा आपल्या घरी ठेवावा, कुत्रा दुसऱ्याच्या.