एकेचाळीस मिनिटांचे साळवे

आमच्या ऑफिसातले साळवे चहा गार झाला म्हणून कधी कुरकुरत नाहीत. तो किती वेळात गार झाला, हे मोजतात. गळ्यात पीटीच्या मास्तरांसारखं स्टॉपवॉच. प्रिंटर, लिफ्ट, साहेबांचं भाषण, काही सुटत नाही. एकदा साहेबांनाच म्हणाले, "सर, तुमच्या भाषणातली पहिली चार मिनिटं काढून पाहिली. आउटपुट सेम येऊन राह्यलं. बिलकुल सेम!"

साहेबांनी चार मिनिटं काढली नाहीत. साळव्यांना मीटिंगमधून काढलं.

नवीन जालन्यातली आमची बियाण्यांची कंपनी. कुठल्या लॉटचं बी किती उगवलं, याचा रिपोर्ट रोज संध्याकाळी साळव्यांनी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम काढायचा. एकेचाळीस मिनिटं घ्यायचा. रिपोर्ट तपासून त्यावर सही करायचं काम कल्पना मॅडमचं. तोवर त्यांची बदनापूरची गाडी निघून जायची.

अशात पायथनची नवी आवृत्ती आली आणि साळवे पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर! "लूप जल्दी फिरून राह्यला, फंक्शन जल्दी चालून राह्यलं! कोडाचं एक अक्षर न बदलता!" हे त्यांनी गेटवरच्या वॉचमनलाही सांगितलं. वॉचमननं गंभीरपणे मान हलवून दुसरा पेढा मागितला.

नवी आवृत्ती टाकली, तर आमच्या प्रोग्रामचा एक जुना भाग तिच्याशी जुळेना. साहेब म्हणाले, "राहू द्या, जुनंच बरं आहे." साळव्यांनी ऐकलं नाही. पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ते तो भाग नव्यानं लिहीत बसले.

सोमवारी बटण दाबलं. सगळं ऑफिस टेबलाभोवती.

"कुणी हलू नका! मशीनला टेन्शन येतं!"

अठराव्या मिनिटाला रिपोर्ट बाहेर! साळव्यांनी मला मिठी मारली, मग प्रिंटरला मारली. साहेबांकडे वळले, तसे साहेब दोन पावलं मागे सरकले. कल्पना मॅडमनी रिपोर्ट तपासला, सही ठोकली, पर्स उचलली आणि जिन्याकडे धावल्या.

ऑफिस पांगलं. साळवे मात्र खिडकीशी.

"आता काय मोजताय?" मी विचारलं.

"काही न्हाई. मॅडमला रिक्षा भेटती का, पाहून राह्यलो. लेकरू अडीच वर्षाचं हाय त्यायचं." मग खिडकीतून नजर न काढता म्हणाले, "माझी पोरगी तेवढी होती, तवा मी जाफराबादहून रोज येणंजाणं करायचो. निघायचो तवा ती झोपलेली, पोचायचो तवाबी झोपलेली. एकदा मला ताप आल्ता म्हणून दिवसा घरी राह्यलो. तर मला पाहून रडायला लागली. आईला म्हणे, हा मानूस कोन हाय?"

ते हसले.

खाली एक रिक्षा थांबली. मॅडम बसल्या.

"गेल्या," साळवे म्हणाले आणि खुर्चीत येऊन बसले.