काटदऱ्यांचा गहाळ दिवस

एका जंगलात एक नदी होती. नदीचं नाव काय, असं लगेच विचारू नका बाळांनो. जंगलात नदी एकच असली की तिला नुसतं नदी म्हणतात. तुमच्या शाळेत शिपाईमामा एकच आहेत, त्यांचं नाव तुम्ही कधी विचारलंत का? नाही ना? मग ऐका.

त्या नदीवर धोंडूतात्या कासवाची हाउसबोट होती. तात्यांच्या पाठीवर जन्मापासूनचं एक घर होतंच. तरी त्यांनी बांबू तोडले, वेलींनी बांधले आणि पाण्यावर दुसरं घर उभं केलं. दोन खोल्या, मागे चूल, पुढे बसायला ओटा. "ह्यांना घरांचा भारी सोस," असं त्यांची बायको कृष्णाकाकू म्हणायची. पण ओटा रोज सकाळी तीच पुसून लख्ख करायची.

पाऊस संपला की बोट घाटावरून सुटायची. आश्विनात नदी निवळते. तळातले गोटे दिसतात. काठच्या उंच गवताला पांढरे तुरे येतात आणि सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. जंगलातले प्राणी चार-चार दिवस बोटीवर राहायला यायचे, लोळायचे, खायचे आणि परत जायचे.

पण त्या वर्षी तात्यांचा धंदाच धोक्यात आला होता. सिंहमहाराजांनी नवा कायदा काढला होता. प्रत्येक धंद्यावर शेऱ्यांची वही ठेवायची. तीन वाईट शेरे पडले की धंदा बंद.

तात्यांचे दोन पडून झाले होते. सशाने लिहिलं होतं, "बोट फार हळू चालते." माकडाने लिहिलं होतं, "नदीत चढायला एकही झाड नाही." तिसरा शेरा पडला की बोट मोडायची आणि घाट मगरशेठला द्यायचा, असं ठरलं होतं. मगरशेठकडे मोटारबोट होती. तिच्यावर दोन भोंगे होते आणि गाणं एकच होतं.

आणि अशा वेळी पाहुणे कोण यावेत? काटदरे साळिंदर!

हे काटदरे म्हणजे शिरगणतीच्या कचेरीतले निवृत्त कारकून. तीस वर्षं त्यांनी जंगलातले प्राणी मोजले. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. दर तासाला काय केलं, काय पाहिलं, ते वहीत लिहायचे. लेखणी घरचीच होती. पाठीवरचा एक काटा उपसायचा, शाईत बुडवायचा की झालं. आयुष्यात त्यांनी कशालाही "छान" म्हटलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात बायकोचा चेहरा पाहून ते "हजर" म्हणाले होते. बायको, मनोरमाबाई, तेव्हापासून हसत होती. स्वभावच तसा होता बिचारीचा.

पहिल्या दिवशी बोट सुटली. काटदरे वही घेऊन ओट्यावर उभे राहिले.

"हं, धोंडूतात्या. काय बघायचं?"

"नदी बघायची, साहेब."

"ती बघितली. पुढे?"

"पुढेही नदीच आहे."

"म्हणजे पॉइंट एकही नाही?"

तात्या गोंधळले. "पॉइंट म्हणजे?"

"अहो, बघण्यासारखी जागा! नाव असलेली! मग आम्ही चार दिवस करायचं काय?"

"बसायचं, साहेब. निवांत."

"किती वाजेपर्यंत?"

काटदऱ्यांनी वहीत लिहिलं, "दहा वाजले. नदी. अकरा वाजले. तीच नदी." त्यांच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. साळिंदर रागावलं की असं होतं, तुमच्या बाबांच्या मिशांचं होतं तसंच.

तात्या चुलीपाशी येऊन मटकन बसले. "गेली बोट," ते म्हणाले. "हा तिसरा शेरा मारून जाणार बघ. ह्या वयात मी कुठे जाऊ? दोन घरांचा मी, एका घरात मला झोप तरी लागेल का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कृष्णाकाकू रताळी धूत होती. "रडताय काय? पॉइंट हवेत ना त्यांना? द्या की. आपल्या नदीला काय कमी वळणं आहेत?"

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सकाळीच आरोळी ठोकली, "चला साहेब, ध्यानस्थ हत्ती पॉइंट!"

तो एक काळा दगड होता. काटदरे धावत बाहेर आले, मागून मनोरमाबाई आल्या. काटदऱ्यांनी दगड पाहिला, "हं" म्हटलं, लिहिलं आणि ते आत गेले. मग एक वाळकं झाड आलं, तो झाला विरहिणी पॉइंट. मग पाणमांजराचं बीळ आलं. हे भुयार थेट सिंहमहाराजांच्या राजवाड्यापर्यंत जातं, असं तात्यांनी ठोकून दिलं. आतून पाणमांजर ओरडलं, "काय हो तात्या, काहीही सांगता!" तात्यांनी बोट जरा जोरात पुढे काढली.

दिवसभरात अकरा पॉइंट झाले. काटदरे खूश होते. मनोरमाबाईंच्या पायांचे तुकडे पडले होते.

"अहो, मी जरा इथे ओट्यावर बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसायला घर आहे की!" काटदरे म्हणाले. "ऊठ, बारावा येईल."

तात्यांना मात्र जेवण गेलं नाही. शंभर वर्षांच्या आयुष्यात ते दोनदाच खोटं बोलले होते, आणि आज एका दिवसात अकरा वेळा. पण शेरा चांगला पडणार, एवढ्या आशेवर ते कवचात शिरून झोपले.

आता मात्र नीट ऐका. मधे पाणी प्यायला उठू नका.

तिसऱ्या दिवशी न्याहारी झाली आणि बोट थांबली. आश्विनात पाणी उतरतं ना, खालची वाळू वर आली होती. बोट त्या वाळूत जी रुतली ती हलेना. तात्यांनी बांबू लावला, पाण्यात उतरून ढकललं, कृष्णाकाकूने मागून नवऱ्याला ढकललं. काही उपयोग झाला नाही.

"पॉइंट?" काटदऱ्यांनी विचारलं.

"आज नाही, साहेब," तात्या मान आत ओढून म्हणाले. "आज अडकलोय आपण."

काटदरे ओट्यावर येऊन उभे राहिले. समोर एकच काठ. एकच गवत. ते बराच वेळ काटे उभारून उभे राहिले. पण रागावून तरी किती वेळ उभं राहणार? पाय दुखले, म्हणून ते बसले.

मनोरमाबाई शेजारी बसल्या. त्यांनी पाय पाण्यात सोडले. "अगं आई गं, काय गार आहे!" त्या म्हणाल्या. "सोडा की तुम्हीही."

"कशाला?"

"उगीच."

काटदऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शिरगणतीच्या कचेरीतलं कुणी दिसलं नाही. मग त्यांनी हळूच एक पाय पाण्यात सोडला. मग दुसरा सोडला. छोटे मासे आले आणि बोटांना टोचू लागले. काटदरे खिदळले! बाळांनो, तात्यांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा त्यांना वाटलं बोटच करकरतेय.

समोरच्या फांदीवर एक खंड्या बसला होता. तो पाण्यात सूर मारायचा आणि दर वेळी रिकाम्या चोचीने वर यायचा. मग त्याला कुणी पाहिलं तर नाही ना, असं बघायचा. "गेला! हाही गेला!" काटदरे ओरडायचे आणि मांडीवर थाप मारायचे. शेवटी खंड्याला मासा मिळाला तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. खंड्या लाजून उडून गेला.

दुपारी कृष्णाकाकूने निखाऱ्यात रताळी भाजायला टाकली. ती शिजली का ते बघायला काही हाताशी नव्हतं. काटदऱ्यांनी लेखणीचा काटा पुढे केला. रताळं भसकन टोचलं गेलं, गोड वास सुटला, आणि शाईचा डाग पडलेलं रताळं काटदऱ्यांनीच खाल्लं. वर दोन खाल्ली. मग ते ओट्यावर आडवे झाले. पाठीवरचे सगळे काटे गवतासारखे खाली पडले. मनोरमाबाई त्यांच्या अंगावर हात ठेवून बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच तो हात रक्त न निघता तिथे राहिला होता.

"चिंचेच्या झाडाखाली तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात, आठवतं?" त्यांनी विचारलं.

"हो. तू तेव्हा सात चिंचा खाल्ल्या होत्यास."

"मोजल्या होत्या तुम्ही?"

"बघत होतो," काटदरे पुटपुटले. आणि त्यांना झोप लागली.

ते जागे झाले तेव्हा ऊन तिरकं झालं होतं आणि चहा उकळत होता. तात्या दुरून हे सगळं पाहत होते. आज आपण एकही थाप मारली नाही, ह्याचा त्यांना फार आनंद झाला.

चौथ्या दिवशी सकाळी रानम्हशींचा कळप डुंबायला आला. त्यांनी दोन ढुशा दिल्या आणि बोट सुटली. दुपारी ती घाटाला लागली. काटदऱ्यांनी शेऱ्यांची वही मागितली. तात्यांनी ती पुढे केली. तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काटदरे निघून गेल्यावर कृष्णाकाकूने शेरा मोठ्याने वाचला.

"पहिल्या दिवशी एक नदी पाहिली. दुसऱ्या दिवशी अकरा पॉइंट पाहिले. तिसऱ्या दिवशी न्याहारीपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या वहीत एकही नोंद नाही. तीस वर्षांत असं झालेलं नाही. सदर दिवस ह्या बोटीवर गहाळ झाला आहे. कृपया शोध घ्यावा."

"मेलो!" तात्या म्हणाले, आणि चारही पाय आत ओढून घेतले.

शेऱ्यांची वही राजवाड्यावर गेली. तिथे दफ्तर कोल्हेसाहेब पाहायचे. मगरशेठ सकाळपासून त्यांच्या दाराशी पेढे घेऊन बसले होते. कोल्हेसाहेबांनी शेरा तीनदा वाचला. तो चांगलाही नव्हता आणि वाईटही नव्हता. कायद्यात गहाळ दिवसाचं काही म्हटलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी हुकूम काढला, "चौकशी व्हावी. चौकशी संपेपर्यंत बोट हा पुरावा समजावा. पुराव्याची मोडतोड करू नये." पेढे मात्र त्यांनी ठेवून घेतले.

चौकशीला स्वतः कोल्हेसाहेब आले. जसं घडलं तसं पुन्हा घडवून पाहायचं ठरलं. बोट त्याच वाळूत रुतवली. काटदरे आणि मनोरमाबाई त्याच जागी बसले. कृष्णाकाकूने रताळी भाजली. कोल्हेसाहेब कोरी वही उघडून, सावध डोळ्यांनी, दिवस नेमका कुठून निसटतो ते पाहत बसले. मग त्यांनी जरा पाय पाण्यात सोडले.

संध्याकाळी त्यांची वही कोरी होती. त्यांनी शेवटी एकच ओळ लिहिली, "माझाही एक दिवस गहाळ झाला. प्रकरण गंभीर आहे. दिवस आश्विनात हरवला, तेव्हा शोधही दर आश्विनातच घ्यावा."

तेव्हापासून दरवर्षी चौकशी होते. काटदरे फिर्यादी म्हणून येतात आणि एक दिवस आधीच येऊन बसतात. गेल्या वर्षी चौकशी समितीत नऊ जण होते आणि रताळी कमी पडली. यंदा सिंहमहाराज जातीने पाहणीला येणार आहेत. तात्यांची दोन्ही घरं शाबूत आहेत. मगरशेठ अजून निकालाची वाट बघताहेत.

तो दिवस कुठे गेला, हे मनोरमाबाईंना पहिल्यापासून ठाऊक आहे. पण त्यांना कुणी विचारलं नाही. आणि त्याही काही बोलत नाहीत. उगीच निकाल लागला तर?

तात्पर्य : बाळांनो, कुठे फार मजा आली तर "छान होतं" म्हणून मोकळं होऊ नये. छान म्हटलं की विषय संपतो. ताबडतोब रीतसर तक्रार करावी. तक्रारीला पुढची तारीख मिळते.