प्रतीक्षाकाल शून्य

नोंदणी कार्यालयातल्या रांगेबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती; कारण तक्रार करायलाही रांगच होती. ही रांग माणसांचा नेमका किती वेळ खाते, ते शास्त्रशुद्ध पद्धतीने शोधावे, असा आदेश साहेबांनी काढला आणि कार्यालयातल्या एकुलत्या एका प्रोग्रॅमरच्या गळ्यात हे काम पडले.

प्रोग्रॅमर खुशीत होता. त्याचे लग्न याच कार्यालयात नोंदवायचे होते, त्यामुळे त्याला सगळे जगच सोपे वाटत होते. त्याने जावा या संगणकाच्या भाषेत एक छोटीशी रांग उभी केली. खोटी माणसे मागून येत, खोट्या खिडकीशी जात आणि बाहेर पडत. आधी घड्याळ बघायचे, सगळी माणसे संपली की पुन्हा बघायचे आणि वजाबाकी करायची. घाईत त्याने घड्याळ मात्र लावले ते कॉम्प्युटरचे. कॉम्प्युटरने अख्ख्या दिवसाची रांग डोळ्याचे पाते लवायच्या आत निकालात काढली आणि पडद्यावर उत्तर दिले : शून्य.

“साहेब, हे चुकलंय,” तो म्हणाला. “हा यंत्राला लागलेला वेळ आहे. माणसांचा वेगळा मोजायला हवा.”

“यंत्र खोटं बोलतं का?”

“नाही, पण...”

“मग माणसं बोलत असतील,” असे म्हणून साहेबांनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : ‘येथे थांबावे लागत नाही.’ थांबावेच लागत नाही म्हटल्यावर बाकांचे काय काम? बाक गेले. पाठोपाठ पंखा गेला, पिण्याचे पाणी गेले. रांग तेवढी राहिली. पण ती आता कागदोपत्री नसल्यामुळे शिपाई तिच्यातून आरपार बघायला शिकला.

प्रोग्रॅमरला लग्नासाठी रजा मिळाली ती नेमकी अर्जाची मुदत संपायच्या दिवशी. आज शिक्का बसला नाही, तर सगळे पहिल्यापासून. होणाऱ्या सासऱ्यांचा होकार तर अर्जापेक्षाही कच्चा होता. तो आणि त्याची होणारी बायको सकाळीच रांगेत उभे राहिले.

“इथले बाक कुणी काढले रे?” तिने पाय बदलत विचारले.

प्रोग्रॅमर छत न्याहाळू लागला.

ते खिडकीशी पोचले तेव्हा कारकून डबा पिशवीत भरत होता. “उशिरा आलात,” तो म्हणाला. “उशिराने येणाऱ्यांचे अर्ज बाद.”

“अहो, सकाळपासून उभे आहोत!”

“नोंदीप्रमाणे प्रतीक्षाकाल शून्य. म्हणजे तुम्ही खिडकीशी पोचलात आत्ता, आणि आलातही आत्ताच.”

प्रोग्रॅमरच्या पायाखालची जमीन सरकली. पण होणारी बायको पुढे झाली. “बरं. रांगेत वेळ जातच नाही ना? मग मी आले तेव्हा सकाळ होती, ती अजून सकाळच आहे. तुम्ही घरी कसे निघालात?”

कारकून साहेबांकडे धावला. साहेबांनी मुद्दा तपासला. तो बिनतोड होता.

“कुणीही जागचं हलायचं नाही!” साहेब कडाडले. “कार्यालय आत्ताच उघडलंय!”

कारकुनाने डब्याच्या पिशवीकडे पाहिले. “साहेब, या बाई रांगेतून गेल्या की यांची सकाळ संपेल ना?”

साहेबांनी नियम आठवून पाहिला. “संपेल.”

कारकुनाने शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा उडून नवरा-नवरीच्या अंगावर पडला. दोघांना हसू आवरेना. लग्न झाले होते!

“आमचीही सकाळच आहे की!” मागून एक आजोबा ओरडले. खिडकी धाडकन बंद झाली.

आजोबांनी प्रोग्रॅमरची बाही धरली. “ते घड्याळवाले तुम्हीच ना? तेवढं दुरुस्त करून द्या हो.”

काम प्रोग्रॅममधल्या एका ओळीचे होते. प्रोग्रॅमरने बायकोचा हात धरला, बाही सोडवून घेतली आणि आनंदाने म्हणाला, “उद्या बघतो हं, आजोबा.”

वाचकांनी त्याला नावे ठेवण्यापूर्वी कृपया एवढेच कळवावे : आपले काम झाल्यावर आपण मागच्या रांगेकडे शेवटचे कधी वळून पाहिले होते?