आर्डिसबाईंचा मुखत्यार

आर्डिसबाईंना मुखत्यार म्हणून मुलगी हवी होती, मार्लिस. पण तसं सरळ सांगायचं म्हणजे थोरल्या लाइलला वाईट वाटणार. म्हणून शनिवारी त्यांनी दोघांना आणि नव्या वकीलबाईंना कॉफीला बोलावलं. कॅलिफोर्नियाहून आलेला दीर ड्वेन घरात होताच. बाईंना अलीकडे विसरायला होत होतं. उद्या काही झालं तर घर, बँक आणि तळ्याकाठची कॅबिन कुणीतरी बघायला हवी होती. ती कॅबिन हॅरल्डनं, त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं, स्वतःच्या हातांनी बांधलेली.

वकील डेल्गाडोबाई टेक्सासच्या. कामाला वाघ, पण मिनेसोटात त्यांचा एकच हिवाळा गेलेला. इथली रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, आग्रहाखातर, घ्यायचं. हॅरल्डनं लग्नाचं विचारलं तेव्हाही आर्डिसबाई दोनदा नको म्हणाल्या होत्या, आणि तो भला माणूस तिसऱ्या रविवारी पुन्हा दारात उभा राहिला होता.

लिंबाच्या वड्या फिरल्या. वकीलबाईंनी विचारलं, "लाइल, तुम्ही व्हाल आईचे मुखत्यार?"

"छे, छे! मला कसलं जमतंय? मार्लिस हुशार आहे."

"मार्लिस, तुम्ही?"

"मी कशाला? दादा आहे ना मोठा."

"ठीक. दोघांचा नकार." वकीलबाईंनी दोन्ही नावांवर काट मारली.

आर्डिसबाईंच्या हातातली किटली वरच्या वर राहिली. पुन्हा विचारा म्हणून त्या सुचवणार, तोच वकीलबाई ड्वेनकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"का नाही? आनंदानं!"

कॅलिफोर्नियात राहून ड्वेनचं वळण पार बिघडलं होतं. गेल्या वसंतात, "बर्फ जरा पातळ वाटतोय हं," असं सगळे म्हणत असताना तो गोठलेल्या तळ्यावर ट्रक घेऊन गेला होता. ट्रक अजून तळाशी होता.

"वहिनी, तू काळजीच सोड," ड्वेन म्हणाला. "ती जुनी कॅबिन पाडून झकास हॉटेल काढू!"

सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"चालेल ना तुम्हाला?" वकीलबाईंनी विचारलं.

दिराला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आर्डिसबाईंनी टेबलावरचा रुमाल सारखा केला. "जरा वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

"छान! मग इथे सही करा."

आर्डिसबाईंनी पेन हातात घेतलं.

"थांबा!" मार्लिस ताडकन उठली. कॉफी लवंडली. त्या घरात इतका मोठा आवाज आजवर कुणी काढला नव्हता. "आई नाही म्हणतेय!"

"त्या तर 'वेगळं आहे' म्हणाल्या."

"तेच सांगतेय! याहून वाईट ती कुणाला बोलतच नाही. काकांचा ट्रक बुडाला तेव्हाही एवढंच म्हणाली होती."

"हो की," ड्वेन म्हणाला. "मला वाटलं, कौतुक करतेय."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग मार्लिस, मघाशी तुम्ही स्वतः नको का म्हणालात?"

"तुम्ही एकदाच विचारलंत!"

"बरं बाई, मग तुम्ही होताय का मुखत्यार?"

"नको हो, उगाच..." मार्लिसच्या तोंडून सवयीनं निघून गेलं आणि ती लाजेनं लाल झाली.

वकीलबाईंनी आर्डिसबाईंकडे पाहिलं. आर्डिसबाईंनी हळूच मान हलवली. विचारा, अजून एकदा विचारा.

"मार्लिस?"

"आता तुमचा एवढा आग्रहच आहे, तर..."

आर्डिसबाईंनी झरझर सही केली. त्यांच्या मनातलं, त्यांना स्वतःला बोलता न आलेलं, पोरीनं मोठ्यांदा बोलून दाखवलं होतं. मुखत्याराकडून माणसाला आणखी काय हवं असतं? ड्वेनही मोकळा झाल्यासारखा वड्यांच्या ताटाकडे वळला.

"आता एकच राहिलं," वकीलबाई म्हणाल्या. "मार्लिसला कधी जमलं नाही, तर तिच्या जागी कुणीतरी लागेल. लाइल, तुम्ही?"

"छे, छे! मी कसला..."

डेल्गाडोबाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि कप पुढे केला.

"आर्डिसबाई, कॉफी आहे ना अजून?"