जिराफांनी परवानगी घेतली होती

तुर्काना मुलखातल्या नव्या अभयारण्यात दूरवरून ट्रकांत घालून काही जिराफ आणण्यात आले. त्यांनी कुठे चरावे, कुठे विसावावे आणि पर्यटकांना कोणत्या बाजूने दिसावे, हे आराखड्यात ठरले होते. उत्तरेकडचा माळ त्यांच्यासाठी राखला होता, कारण पर्यटकांसाठीचा मनोरा तिथे बांधून झाला होता. जिराफांनी माळ पाहिला, मनोरा पाहिला, चार दिशा हिंडून घेतल्या आणि थेट कोरड्या नदीकाठी अजिकोनच्या बाभळींखाली मुक्काम ठोकला. कुंपण अद्याप मंजुरीच्या टप्प्यात असल्याने वाटेत काही आडवे आले नाही.

त्या बाभळी अजिकोनला सासूकडून आलेल्या. लांब आकडीने शेंगा पाडायच्या आणि त्यांवर उन्हाळाभर शेळ्या जगवायच्या, हाच तिचा संसार. तिकडचा रिवाज असा, की जमीन कोणाचीही असो, बाभूळ घराण्याची. मालकिणीला विचारल्याशिवाय शेंगेला हात लावायचा नाही. अजिकोनने ज्येष्ठांची सभा बोलावली.

"भावजी, एवढे लंबू पाहुणे आले. एकानं तरी विचारलं का मला?"

दीर लोमुरिया सभेतला वडीलधारा. तो विचार करतोय तोच एका जिराफाने अजिकोनच्या डोक्याशी मान खाली आणली.

"घ्या, विचारलं! वहिनी, इतक्या उंचावरून मान तुकवली. आणखी काय, साष्टांग दंडवत घालायचा त्यानं?"

सभा खिदळली. अजिकोनलाही हसू आवरेना. "खा बाबा, पण माझ्या शेळ्यांपुरतं ठेव," असे ती बोलून गेली, आणि तेच तिला भोवले.

आठवड्यात अभयारण्याचे अधिकारी मकोखा नकाशा घेऊन हजर.

"बाई, जिराफ फक्त संरक्षित क्षेत्रात राहू शकतात. ते इथे राहतात. अर्थात हे संरक्षित क्षेत्र आहे. आणि संरक्षित क्षेत्रात माणसाला राहता येत नाही."

"अहो साहेब, झाडं माझी आहेत!"

"होती. तुम्हीच चारचौघांत परवानगी दिलीत. स्थानिकांची इतकी स्वच्छ संमती आम्हाला आजवर कुठेच मिळाली नव्हती."

उत्तरेचा माळ आता मोकळाच होता. अजिकोनने झोपडी मोडली आणि तिथे उभारली. माणसे, कुत्री आणि जाळ असला की सिंह चार हात लांब राहतो, हे जिराफांना शाळेत न जाता ठाऊक होते. पुढच्या हंगामात ते माळावर आले. मागोमाग मकोखाही आले. झोपडी परत नदीकाठी गेली, जिराफही गेले. या येरझाऱ्यांत अजिकोनच्या शेळ्या निम्म्या उरल्या. जिराफांना मात्र पिल्लू झाले आणि कार्यालयात केक कापला गेला.

मग राजधानीहून तज्ज्ञ आले. जिराफांचा अधिवास जमिनीशी नसून अजिकोनबाईंशी निगडित आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यानुसार संरक्षित क्षेत्राची व्याख्या सुधारण्यात आली: अजिकोनबाई आणि त्यांच्या आसपासचा परिसर.

मकोखा माग काढणारे यंत्र जोडलेला पट्टा घेऊन आले. अजिकोनच्या गळ्यात हनुवटीपर्यंत मण्यांच्या माळा.

"साहेब, मान सापडली तर बांधा."

शेवटी पट्टा मनगटावर बसला. कितीतरी दिवसांनी तिला हायसे वाटले.

"म्हणजे आता मला कुणी उठवणार नाही ना?"

"छे! तुम्ही स्वतःच संरक्षित क्षेत्र आहात. अभिनंदन!" मकोखांनी हस्तांदोलन केले. "फक्त त्यात माणसाला राहता येत नाही."

"मग मी जाऊ कुठं?"

"कुठेही जा. कायदा आडवा येणार नाही. पोहोचलात की निघा, एवढंच."

त्या संध्याकाळी अजिकोन उरल्यासुरल्या शेळ्यांसाठी शेंगा पाडत होती. मागे जिराफ उभे होते. गाडीतून कॅमेरा रोखलेल्या एका पर्यटकाने हाताने खूण केली, जरा बाजूला व्हा. ती झाली. आता सवयच पडली होती.

तो फोटो तुम्ही पाहिला आहे. मावळता सूर्य, बाभूळ, जिराफ. "वा, माणसाचा मागमूस नाही!" म्हणत तुम्ही तो मोठा करून दिवाणखान्यात लावलात. उजव्या कडेला आकडीचे टोक आले होते. ते तुम्ही कापून घेतलेत.