गोष्टीत शिरलेला डास

ई… ई… ई…

सकाळचं घर अगदी शांत होतं. सासूबाई, म्हणजे आपा, गोठ्यात, चार वर्षांची सेझिम रजईत. मीरिमनं गोष्टीचं पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि लॅपटॉपनं सूर लावला. डासाला गाण्याच्या क्लासला घातल्यासारखा!

बिश्केकच्या एका प्रकाशनाला मुलांच्या गोष्टी वाचणारा आवाज हवा होता. सेझिम झाल्यापासून मीरिमच्या हाती येऊ घातलेलं हे पहिलंच काम. कालचं रेकॉर्डिंग ऐकून तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "आवाज गोड आहे हो तुमचा, पण गोष्टीतल्या कोल्ह्याच्या मागे डास लागलाय! उद्या बारापर्यंत डासाशिवाय पाठवा, नाहीतर दुसरीला विचारते."

"त्यात काय! दहा मिनिटांचं काम!" मीरिमनं स्वतःलाच ऐकवलं.

तिनं स्क्रीनचा उजेड कमी केला. ब्रशनं पंख्यातली धूळ काढली. लग्नात आलेल्या गाद्यांच्या थप्पीवर लॅपटॉपला बसवलं, नव्या नवरीसारखं. डास खूशच झाला! माउस हलवला की तो वरच्या पट्टीत जाई.

"कसला आवाज गं?" सासूबाई दुधाची बादली घेऊन दारात. "मला तर काहीच ऐकू येत नाही. थांब, जुमाबेकला आणते."

"नको हो आपा, मी करते…"

पण आपा कधीच अंगणापार झाल्या होत्या.

शेजारच्या जुमाबेककाकांनी वीज खात्यात पस्तीस वर्षं खांबावर काढली होती. "तारेतली वीज नुसती खोकली तरी मला कळतं!" म्हणत त्यांनी लॅपटॉपला कान लावला. बराच वेळ लावला. मग दुसरा लावला.

"छे! हा अगदी गप्प आहे."

"काका, अहो किंचाळतोय तो!"

"ई करतोय," सेझिम रजईतून म्हणाली.

काकांचे डोळे चमकले. "पोरांचे कान खरे! सूनबाई, तुझे आता जून झाले. तू बाजूला हो. सेझिम, तू माझी मदतनीस. आवाज दाखवलास की एक गोळी!" आणि त्यांनी खिशातून कुरुताची, म्हणजे खारट, वाळवलेल्या दह्याची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

झालं! सेझिमनं फ्रीजला कान लावला. "ई करतोय!" गोळी. काकांनी फ्रीज उघडा पाडला. इस्त्री ई करत होती, इस्त्री सुटी झाली. टीव्ही, दिव्याचं बटण, तीन भिंतींवरचे प्लग, सगळे ई करू लागले!

"काका, त्या इस्त्रीला वायरच लावलेली नाही," मीरिम हळूच म्हणाली.

"म्हणून तर जास्त संशय!"

वडीलधाऱ्यांपुढे सून किती बोलणार? साडेअकरा झाले. घर सोललेल्या कांद्यासारखं पसरलेलं, लॅपटॉपचा प्लग तेवढा मीरिम पाठीनं अडवून उभी. त्याची बॅटरी म्हातारी. वायर काढली तर अर्ध्या तासात डोळे मिटायची. म्हणून ती वायर काढायचं स्वप्नही कुणाला पडलं नव्हतं.

मीरिमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बास रे जुमाबेक," आपा म्हणाल्या. "तू चहा घेतल्याशिवाय गेलास तर गाव मला नावं ठेवील. ए पोरी, सरक. धड राहिलेला प्लग एवढाच आहे."

आणि त्यांनी लॅपटॉपची वायर ओढून किटलीची लावली.

शांतता!

मीरिमनं कान टवकारले. ई नव्हता. डास मेला होता!

"सेझिम! थांबला ना गं आवाज?"

"हो," सेझिम गोळी चोखत म्हणाली. "पण थांबलेल्याची गोळी कोण देतंय?"

मीरिम लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत पळाली, गाद्यांच्या मागे बसली. गोष्ट वीस मिनिटांची, बॅटरी पंचवीसची. कोल्हा कधी नव्हे इतका भरभर पळाला! बाराला चार मिनिटं असताना गोष्ट बाईंकडे गेली, आणि लगेच लॅपटॉपनं मान टाकली.

थोड्या वेळानं फोन आला. "डास गेला की हो! पुढच्या सहा गोष्टी तुमच्याच."

बाहेर येऊन तिनं आपांना मागूनच मिठी मारली. दुधाचा, गोठ्याचा, धुराचा वास. "आपा, तुमच्यामुळे…"

"मी काय केलं? चहा केला," आपा मागे न वळता म्हणाल्या आणि त्यांनी तिची चहाची वाटी भरली. काका सुट्या इस्त्रीकडे बघत म्हणत होते, की बघा, शेवटी सापडलंच की नाही!

सेझिमनं मीरिमची ओढणी ओढली.

"आई, आजीला तर आवाज ऐकूच येत नव्हता ना? मग तिनं बरोब्बर तीच वायर कशी काढली?"